साठ टक्के गाळणाऱ्यांनो

जयपूरच्या नावावर २०२० साली एक खोटं देशभर खपवलं गेलं. ते खपवण्यात स्वतःला आरोग्याचे कार्यकर्ते म्हणवणारे लोक आघाडीवर होते. कंपनीचं मी समजू शकतो, तिला माल विकायचा होता. पण ज्यांना यातून दमडी मिळणार नव्हती, ज्यांच्या शब्दावर गल्लीतली म्हातारी माणसं डोळे मिटून विश्वास ठेवत होती, ज्यांच्या पत्रकांवर खाली ‘जनहितार्थ’ असं छापलेलं होतं, त्यांनी एका संशोधनातला एक आकडा लोकांना सांगितला आणि त्याच्या शेजारचा गिळून टाकला. त्यांना माफ करायची माझी तयारी नाही.

२३ जून २०२० रोजी हरिद्वारला बाबा रामदेव आणि आचार्य बाळकृष्ण यांनी आपल्या पतंजली कंपनीचं ‘कोरोनिल’ हे कोरोनावरचं औषध म्हणून जाहीर केलं. कोरोनिलच्या गोळ्या, श्वासारि वटी आणि नाकात घालायचं अणु तेल, असं तिन्ही मिळून ५४५ रुपयांचं किट होतं. दावा असा की ६९ टक्के रुग्ण तीन दिवसांत बरे झाले आणि १०० टक्के सात दिवसांत. पुरावा म्हणून नाव घेतलं गेलं जयपूरच्या निम्सचं, म्हणजे दिल्ली रस्त्यावरच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेसचं. टाळेबंदीने पिचलेल्या, रोजचे मृत्यूचे आकडे ऐकून हबकलेल्या लोकांच्या कानावर ‘शंभर टक्के’ हे दोन शब्द पडले. त्यानंतर बाकीचं काही ऐकण्याच्या मनःस्थितीत कोण असणार?

त्याच संध्याकाळी केंद्राच्या आयुष मंत्रालयाने कंपनीकडे तपशील मागितला आणि तोवर जाहिरात थांबवायला सांगितलं. उत्तराखंडच्या परवाना खात्याने खुलासा केला की अर्जात कोरोनाचा उल्लेखच नव्हता, परवाना प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या, खोकला-तापावरच्या औषधाचा होता. राजस्थानचे तेव्हाचे आरोग्यमंत्री रघु शर्मा म्हणाले की अशा चाचणीसाठी राज्य सरकारची परवानगीच घेतलेली नाही, आणि निम्सला नोटीस गेली. जयपूरच्या ज्योतिनगर पोलिस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला. खुद्द निम्सचे प्रमुख डॉ. बलबीरसिंह तोमर यांनी पत्रकारांना सांगितलं की आपण अश्वगंधा, गुळवेल आणि तुळस प्रतिकारशक्तीसाठी दिली होती, शंभर टक्के बरं होण्याचा दावा रामदेवांनी कुठून आणला ते आपल्याला ठाऊक नाही. ज्या संस्थेच्या नावावर औषध विकलं जात होतं, त्या संस्थेचा प्रमुख चार दिवसांच्या आत हात झटकत होता. १ जुलैला आयुष मंत्रालयाने विक्रीला परवानगी दिली ती कोरोना बरा करणारं औषध असं म्हणायचं नाही या अटीवर. हे सगळं जाहीर होतं, रोजच्या पेपरात होतं. आरोग्यजागृती करणाऱ्या माणसाला त्या आठवड्यात वर्तमानपत्र वाचायचं तेवढं काम होतं.

ते केलं गेलं नाही. उलट एक नवाच युक्तिवाद सुरू झाला: चाचणी सरकारदरबारी नोंदवलेली आहे, हा बघा सीटीआरआयचा नंबर. सीटीआरआय म्हणजे आयसीएमआरच्या संख्याशास्त्र संस्थेत चालणारी, २००७ पासूनची चाचण्यांची नोंदवही. चाचणी सुरू करण्याआधी तुम्ही काय मोजणार, किती रुग्णांवर, कसं, हे तिथे लिहून ठेवायचं असतं, म्हणजे पुढे निकाल बघून निकष बदलता येत नाहीत. नोंद झाली म्हणजे औषधाला मान्यता मिळाली, असं त्यात काहीही नाही. गुन्ह्याची फिर्याद नोंदवली म्हणजे निकाल लागला असं कोणी म्हणत नाही. इथे मात्र नोंदणी क्रमांक मान्यतेच्या शिक्क्यासारखा फिरवला गेला, आणि फिरवणारे शिकले-सवरलेले लोक होते.

मी आयुष्यभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना संख्याशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर जयपूरला मुलाकडे राहतो. २०२१च्या फेब्रुवारीत, त्या औषधाचा दुसरा मोठा समारंभ दिल्लीत झाल्यानंतर, मानसरोवरच्या बागेत सकाळी फिरायला येणाऱ्यांना एका स्थानिक आरोग्य मंडळाने वाटलेलं पत्रक माझ्या हातात पडलं. गुळगुळीत कागद, वर हिरवी पट्टी, मध्ये तळहाताएवढ्या अक्षरात १००%, त्याखाली ‘जयपूर में सिद्ध’, आणि तळाला बारीक टायपात परदेशी नियतकालिकाचं नाव. मंडळाचे चालक सज्जन गृहस्थ, रोज पहाटे लोकांकडून फुकट प्राणायाम करून घेणारे. मी त्यांना विचारलं, ‘भाईसाहब, पेपर वाचलात का?’ ते म्हणाले, ‘सारांश वाचला, तेवढा पुरे आहे.’

तेवढा खरोखरच पुरे होता. सारांशात ज्या वाक्यात १०० हा आकडा आहे, त्याच वाक्यात ६० हा आकडा आहे.

हा शोधनिबंध ‘फायटोमेडिसिन’ नावाच्या नियतकालिकात २०२१ साली आला. त्यात दोन गट आहेत. एका गटातल्या ४५ रुग्णांना गुळवेल, अश्वगंधा, तुळस, श्वासारि आणि अणु तेल दिलं. दुसऱ्या गटातल्या ५० जणांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, दिसायला तशीच मात्रा. तिसऱ्या दिवशी औषधाच्या गटातले ७१.१ टक्के रुग्ण निगेटिव्ह झाले होते, आणि काहीही औषध नसलेल्या गटातले ५० टक्के. सातव्या दिवशी पहिल्या गटातले १००, दुसऱ्यातले ६०. म्हणजे ज्यांना नुसती नकली गोळी मिळाली त्यांच्यातला दर दुसरा माणूस तीन दिवसांत निगेटिव्ह होता. या चाचणीतून सामान्य माणसाने काही शिकायचं असेलच, तर पहिली गोष्ट हीच होती: सौम्य कोरोनाचे रुग्ण मोठ्या संख्येने आपोआप निगेटिव्ह होतात. जून २०२०मध्ये घाबरून घराची दारं बंद करून बसलेल्या लोकांना या माहितीने केवढा धीर आला असता. तीच माहिती गाळली गेली. गाळली, कारण ती सांगितली की १०० हा आकडा एकदम लहान दिसायला लागतो.

यावर मला एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो योग्य प्रश्न आहे. साठ आणि शंभर यांत चाळीस टक्क्यांचा फरक आहेच की, मग औषधाचा गुण झालाच ना? माझं उत्तर असं की हा प्रश्न ज्या दिवशी या मंडळांनी पत्रकात छापला असता, त्या दिवशी मी त्यांच्यासोबत बसून चहा घेतला असता. कारण हा प्रश्न विचारला की पुढचे सगळे प्रश्न आपोआप येतात. ‘बरा झाला’ म्हणजे काय झालं? इथे त्याचा अर्थ आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली, एवढाच. प्राणवायू किती जणांना लागला नाही, किती जण वाचले, हे या चाचणीतून कळणं शक्यच नव्हतं, कारण रुग्ण लक्षणं नसलेले किंवा सौम्य-मध्यम लक्षणांचे होते. नाकातला स्वॅब आज निगेटिव्ह आणि परवा पॉझिटिव्ह येऊ शकतो, हे त्या काळात घरोघरी लोकांनी अनुभवलं होतं. नोंदणी १०० रुग्णांची होती, निकाल ९५ जणांचे आहेत. दोन्ही गटांत सारखी वाटणी धरली तर गळालेले पाचही जण औषधाच्या गटातले ठरतात. त्या पाचांचं काय झालं हे धरून हिशेब केला की १०० टक्के उरत नाहीत. आणि सगळे ४५ बरे झाले हे अक्षरशः खरं मानलं, तरी एवढ्या लहान संख्येवरून कोणताही संख्याशास्त्रज्ञ एवढंच म्हणेल की खरं अपयश शून्यापासून जवळजवळ सात टक्क्यांपर्यंत काहीही असू शकतं. कोट्यवधी लोकांत सात टक्के म्हणजे लाखो माणसं.

शिवाय औषध कंपनीचं, आणि लेखकांच्या यादीत आचार्य बाळकृष्ण स्वतः आहेत, कंपनीच्या संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ आहेत. यात बेकायदा काही नाही, परदेशी औषध कंपन्याही हेच करतात. पण परदेशी कंपनीने केलं की हीच मंडळं ‘फार्मा लॉबी’ म्हणून ओरडतात. स्वदेशी कंपनीने केलं की त्यांची जीभ टाळ्याला चिकटते. सगळ्यात मोठी गोष्ट, निबंधाच्या शीर्षकातच ‘पायलट’ असा शब्द आहे. पायलट चाचणी म्हणजे मोठी चाचणी करण्याजोगं यात काही आहे का, हे चाचपण्यासाठीची छोटी चाचणी. लेखकांनी स्वतःच जे शीर्षकात कबूल केलं, ते पत्रक छापणाऱ्याने खोडून टाकलं.

त्याच जून महिन्यात दुसरा एक निकाल जाहीर झाला होता. कोरोनिलच्या बरोबर एक आठवडा आधी, १६ जून २०२० रोजी, ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने डेक्सामेथासोनचा निष्कर्ष सांगितला. डेक्सामेथासोन हे जुनं, काही रुपयांत मिळणारं स्टेरॉइड, कोणत्याच कंपनीला त्यात फारसा नफा नाही. २,१०४ रुग्णांना ते दिलं, ४,३२१ जणांना दिलं नाही. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आलं. आणि त्याच निकालात, लपवाछपवी न करता, हेही सांगितलं होतं की ज्यांना प्राणवायू लागत नाही अशांना या औषधाचा काही फायदा दिसत नाही. शंभर टक्क्यांच्या जवळपासही नसलेले आकडे, अडचणीची बाब सोबत जोडलेली, आणि त्या औषधाने जगभर माणसं वाचवली. आमच्या बागेत त्याचं पत्रक कोणी वाटलं नाही.

हे परकं शास्त्र आहे, पाश्चात्त्यांची पद्धत आहे, असंही मला सांगण्यात आलं. असं म्हणणाऱ्यांना मी गडचिरोलीला जाऊन यायला सांगतो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने नवजात बाळांना घरच्या घरी वाचवण्याची पद्धत शोधली. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या झोपडीत जाऊन बाळाचं वजन करत, श्वास मोजत, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देत. हे काम ३९ गावांत झालं. बाजूच्या ४७ गावांत ते केलं नाही, तिथे फक्त जन्म-मृत्यूंची काटेकोर नोंद ठेवली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला तेव्हा दोन्हीकडचे आकडे शेजारी शेजारी होते: या गावांत तिसऱ्या वर्षी दर हजार जन्मांमागे २५.५ नवजात बाळं दगावली, त्या गावांत ५९.६. बंगांना नुसता पहिला आकडा सांगता आला असता. टाळ्या मिळाल्याच असत्या. पण दुसऱ्या ४७ गावांशिवाय पहिल्या आकड्याला काडीची किंमत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. तुलनेचा गट ठेवणं हे शास्त्र महाराष्ट्राच्या एका टोकाला, आदिवासी पाड्यांवर, अंगणवाडीच्या अंगणात बसून आपल्याच माणसांनी करून दाखवलं आहे. म्हणून ‘हे आपलं नाही’ हे कारण मी ऐकून घेणार नाही.

ॲलोपथीचा कैवार घेऊन मी हे लिहितो असं कोणाला वाटलं तर त्याने पुढचंही वाचावं. मार्च २०२०मध्ये याच जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात एका इटालियन पर्यटक दाम्पत्याला एचआयव्हीवरची लोपिनाविर-रिटोनाविर ही औषधं दिली गेली. दोघं निगेटिव्ह झाले आणि चॅनेलांनी ‘जयपूरच्या डॉक्टरांना कोरोनावर इलाज सापडला’ अशी राळ उडवली. डॉक्टरांनी त्या घटकेला सुचेल ते प्रामाणिकपणे केलं, त्यांना मी दोष देत नाही. पण दोन रुग्ण म्हणजे पुरावा नव्हे. १८ मार्चला चीनमधल्या १९९ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला: या औषधांचा काही उपयोग दिसला नाही. २० मार्चला त्या दाम्पत्यातले ६९ वर्षांचे पती जयपुरातच एका खाजगी रुग्णालयात वारले. आधीची बातमी ज्या उत्साहाने पसरली, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही नंतरची पसरली नाही.

त्याच महिन्यात फ्रान्समध्ये दिदिए राउल्त यांनी हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा गाजलेला निबंध काढला. औषध घेतलेले रुग्ण होते २६, निकालात धरले २०. उरलेल्या सहांपैकी तिघे आयसीयूत गेले होते आणि एक मरण पावला होता. मेलेल्याला हिशेबातून वगळून औषध यशस्वी ठरवलं गेलं आणि त्यावर जगातले बलाढ्य राष्ट्राध्यक्ष ट्वीट करत सुटले. तो निबंध मागे घेतला गेला तो डिसेंबर २०२४मध्ये. आणि गोव्यात? मे २०२१मध्ये आरोग्यमंत्री विश्वजीत राणे यांनी अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाला, आजारी असो वा नसो, पाच दिवस आयव्हरमेक्टिन देण्याची घोषणा केली. जुलैत आयव्हरमेक्टिनच्या बाजूचा इजिप्तमधला एक प्रमुख अभ्यास आकड्यांतल्या गंभीर विसंगतींमुळे मागे घ्यावा लागला. पॅथी कोणतीही असो, गाळण्याची तऱ्हा एकच आहे.

महाराष्ट्राने तरी कोणता शहाणपणा दाखवला? गृहमंत्री अनिल देशमुख यांनी जून २०२०मध्ये ठणकावून सांगितलं की जयपूरला चाचण्या झाल्या की नाही ते तपासलं जाईल आणि खोटी औषधं राज्यात विकू दिली जाणार नाहीत. मला बरं वाटलं होतं. पण त्याच महिन्यात त्याच सरकारमधले ग्रामविकासमंत्री हसन मुश्रीफ ग्रामीण भागातल्या पाच कोटी लोकांना आर्सेनिकम अल्बम ३० हे होमिओपॅथीचं औषध फुकट वाटण्याची घोषणा करत होते. मूळ द्रव्य शंभर पटींनी पातळ करायचं, असं ओळीने तीस वेळा. शेवटच्या बाटलीत त्या द्रव्याचा एक रेणूही उरण्याची शक्यता नसते. ते कोरोना टाळतं हे दाखवणारी एकही चाचणी तेव्हा हातात नव्हती. कोरोनिलकडे निदान लंगडी का होईना चाचणी होती! एका गोळीला पुरावा मागायचा आणि दुसरी ग्रामपंचायतीतून वाटायची, हा कसला न्याय? आरोग्याच्या नावाने चालणाऱ्या किती मंडळांनी तेव्हा मुश्रीफांना पुरावा मागितला? बहुतेक ठिकाणी ती मंडळंच वाटपाच्या टेबलावर बसलेली होती.

यात नुकसान काय झालं, औषधी वनस्पतीच तर होत्या, हा सगळ्यात घातक युक्तिवाद आहे. नुकसान झालं. २०२० सालच्या सप्टेंबर ते डिसेंबर दरम्यान मुंबईत डॉ. आभा नागराल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आढळले. सहाही जण गुळवेल घेत होते. त्यातला एक दगावला. २०२१मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि आयुष मंत्रालयासकट गुळवेलीचे सगळे कैवारी तुटून पडले. सहाच रुग्ण आहेत, वनस्पती नेमकी कोणती ते तपासलेलं नाही, तुलनेचा गट नाही, कारण आणि परिणाम सिद्ध होत नाही.

हे आक्षेप अगदी बरोबर होते. सहा रुग्णांवरून गुळवेल किती जणांना बाधते हे कळत नाही, मी स्वतः विद्यार्थ्यांना हेच शिकवलं असतं. पुढे देशातल्या १३ केंद्रांमधून ४३ रुग्णांची माहिती गोळा झाली, यकृताचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले आणि शंका पक्की झाली, विशेषतः ज्यांना थायरॉइडसारखे स्वयंप्रतिकाराचे आजार आहेत त्यांच्या बाबतीत. शास्त्र असंच एकेक पायरी चढत जातं. माझा संताप वेगळ्या गोष्टीचा आहे. तुलनेचा गट म्हणजे काय, लहान संख्येत काय धोका असतो, हे या लोकांना सगळं व्यवस्थित माहीत होतं! सहा यकृतांच्या वेळी ते सगळे प्रश्न त्यांच्या जिभेच्या टोकावर होते. ‘शंभर टक्के’च्या वेळी त्यांनी ते जाणूनबुजून गिळले. अज्ञानाला मी शिकवू शकतो. हे अज्ञान नव्हतं.

फेब्रुवारी २०२१च्या त्या दिल्लीच्या समारंभात केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन आणि नितीन गडकरी व्यासपीठावर होते. पाठीमागच्या फलकावर जागतिक आरोग्य संघटनेच्या नावाची अक्षरं होती. ती अक्षरं होती औषध निर्मितीच्या आणि निर्यातीच्या प्रमाणपत्राची, औषध गुणकारी असल्याची नव्हेत. ‘डब्ल्यूएचओची मान्यता’ अशा बातम्या झळकल्या आणि संघटनेला जाहीर करावं लागलं की कोरोनावरच्या कोणत्याही पारंपरिक औषधाची आपण तपासणी केलेली नाही, प्रमाणपत्र दिलेलं नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनने हर्षवर्धन यांच्याकडे खुलासा मागितला. तीन महिन्यांनी, दुसरी लाट माणसं गिळत असताना, हरियाणा सरकारने एक लाख कोरोनिल किट रुग्णांना वाटायचं ठरवलं, निम्मा खर्च सरकारच्या कोविड निधीतून. लोक प्राणवायूच्या सिलिंडरसाठी रात्र रात्र रांगा लावत होते त्या महिन्यात! पहिल्या चार महिन्यांतच सुमारे २५ लाख किट आणि सुमारे अडीचशे कोटींची विक्री झाल्याचे आकडे आधीच छापून आले होते. एवढा माल नुसत्या जाहिरातीने खपत नाही. बागेतल्या, देवळातल्या, सोसायटीच्या जिन्यातल्या विश्वासू माणसाने ‘मी स्वतः वाचलंय’ असं म्हणावं लागतं.

आरोग्य चळवळ अशी असायलाच हवी असं नाही, आपल्याकडे वेगळी चळवळ होऊन गेली आहे. १९७४ साली सुरू झालेल्या मेडिको फ्रेंड सर्कलमध्ये महाराष्ट्रातले कितीतरी डॉक्टर आणि कार्यकर्ते होते. पुण्यात लोकविज्ञान संघटनेच्या लोकांनी औषधांचे कागद अक्षरशः पिंजून काढले. गरोदरपणाच्या चाचणीसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या जास्त मात्रेच्या ईपी, म्हणजे इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन, हार्मोनच्या औषधांविरुद्ध १९८०च्या दशकात लढा झाला, तो कोणा महाराजांच्या शब्दावर नव्हे. कंपन्या काय दडवतात, अभ्यासात काय मोजलं, काय मोजलं नाही, हे लोकांना मराठीत समजावून सांगण्यावर तो उभा होता. त्या माणसांना पैसा नव्हता, गुळगुळीत कागद नव्हता. सायक्लोस्टाइल केलेल्या पानांवर ते दोन्ही बाजूंचे आकडे देत. आज आरोग्यजागृती म्हणून जे चालतं त्यातल्या बऱ्याच लोकांनी कंपनीचं पत्रक उचलून त्यावर आपल्या मंडळाचं नाव डकवायचं काम पत्करलं आहे.

न्यायालयं उशिरा का होईना हलली. डॉक्टरांच्या संघटनांनी २०२१ मध्ये लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २९ जुलै २०२४ रोजी कोरोनिल कोरोना बरा करतं असे दावे तीन दिवसांत काढून टाकायचा आदेश दिला. त्याआधी एप्रिलमध्ये पतंजलीच्या फसव्या जाहिरातींचं दुसरं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात होतं, मधुमेह, रक्तदाब, दमा अशा आजारांवरच्या दाव्यांचं. कंपनीने वर्तमानपत्रांत माफीनामा छापला तेव्हा न्यायमूर्ती हिमा कोहली यांनी विचारलं की हा माफीनामा तुमच्या जाहिरातींएवढाच मोठा आहे का. दुसऱ्या दिवशी मोठ्या आकारात छापून आला.

मंडळांना कोणतंही न्यायालय हे विचारणार नाही. त्यांनी काही विकलं नाही, ते कायद्याच्या कचाट्यात येत नाहीत. म्हणून मीच विचारतो. जयपुरात, पुण्यात, नागपुरात, जिथे जिथे तो तळहाताएवढा १०० छापला गेला, तिथे त्याच मंडळाने, त्याच आकारात, हे छापावं: ‘ज्यांना औषध दिलं नाही त्यांच्यातले ६० टक्के लोकही सात दिवसांत निगेटिव्ह झाले होते. हे आम्हाला माहीत होतं, आम्ही तुम्हाला सांगितलं नाही.’ मानसरोवरच्या त्या गृहस्थांना मी हा मजकूर हिंदीत लिहून दिला आहे, छपाईचा खर्च मी देईन असंही सांगितलं आहे. मंडळाच्या पुढच्या बैठकीत विषय ठेवतो म्हणाले. तो अजून ठेवलेला नाही.